समुद्राची मर्यादा कुणी पाळायची?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षे एक विलक्षण दृश्य अधूनमधून दिसते. कधी पारंपरिक मच्छीमार मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयासमोर ठाण मांडतात, तर कधी पर्ससीन नौकांचे मालक व खलाशी उपोषणाला बसतात. 2022 च्या जानेवारीत पर्ससीनधारकांनी येथेच साखळी उपोषण आरंभले होते. पहिल्यांची मागणी असते, ‘आहे तो कायदा अमलात आणा’. दुसऱ्यांची असते, ‘कायदा बदला’. समुद्र एक, बंदर एक, पुष्कळदा गावही एकच. आणि तरीही दोन्ही बाजू परस्परांकडे वैऱ्याच्या नजरेने पाहतात. या भांडणाकडे ‘कोळीवाड्यातील कटकट’ म्हणून पाहण्याची शहरी मध्यमवर्गाची सवय आता सोडावयास हवी. कारण प्रश्न केवळ मासळीचा नाही. सर्वांच्या मालकीच्या संपत्तीवर मर्यादा कुणी घालायची आणि ती कुणी पाळायची, हा तो प्रश्न आहे.

हा संघर्ष एकट्या कोकणाचा नव्हे. 2009 च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधील मच्छीमारांनी युरोपीय संघाने ठरवून दिलेल्या कोट्याच्या निषेधार्थ कॅले, बुलोन आणि डंकर्क ही तीन बंदरे आपल्या नौका आडव्या घालून रोखली. इंग्लंडला जाणाऱ्या फेरीबोटी खोळंबल्या, प्रवासी अडकून पडले, मालमोटारींच्या रांगा लागल्या. 2021 मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर परवान्यांवरून पुन्हा तेच घडले. मे महिन्यात जर्सी बेटाचे बंदर रोखण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये कॅलेचे. सधन, सुशिक्षित व काटेकोर कायद्याच्या युरोपातही मच्छीमाराला आपले म्हणणे ऐकवण्यासाठी इतरांची वाट अडवावी लागते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र युरोपचा कोटा जसाच्या तसा कोकणात आणता येणार नाही. थंड समुद्रात मोजक्या जातींचे मासे विपुल असतात. म्हणून तेथे अमुक जातीचे अमुक टन असा हिशेब मांडता येतो. आपल्या उष्ण समुद्रात एकाच जाळ्यात बांगडा, तारली, कोळंबी, म्हाकूल आणि इतर कितीतरी जाती एकत्र येतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या 167 किलोमीटर किनाऱ्यावरील लहानमोठ्या बंदरांत उतरणारी प्रत्येक टोपली जातवार मोजणे व्यवहारात अशक्य. म्हणून आपल्याकडे मर्यादा घातली गेली ती माशांच्या वजनावर नव्हे, तर हंगाम, जाळे, अंतर आणि परवान्यांची संख्या यांवर. वाट वेगळी असली तरी हेतू तोच. समुद्रातून किती घ्यायचे, याला कुठेतरी सीमा असावी.

ही सीमाही सहजासहजी आखली गेली नाही. यांत्रिक ट्रॉलर आणि पाठोपाठ पर्ससीन जाळी पश्चिम किनाऱ्यावर आली, तेव्हा सर्वांत आधी भरडला गेला तो रापणकार. किनाऱ्यावरून जाळे ओढून, आलेल्या मासळीची ठरलेल्या वाट्याने विभागणी करणारी रापण हा केवळ व्यवसाय नव्हता. गावाला एकत्र बांधणारी ती एक व्यवस्था होती. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले. केरळातही असंतोष पेटला. त्यातून 1980 साली गोवा व केरळ यांनी आणि 1981 साली महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमन कायदा केला. किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारासाठी राखून ठेवण्याची कल्पना या आंदोलनांतून कायद्यात आली. कायदा वरून दिला गेला नाही. तो खालून मागितला गेला.

कागद आणि पाणी

पर्ससीन म्हणजे बटव्यासारखे जाळे. माशांच्या थव्याभोवती ते गोलाकार टाकायचे आणि तळाच्या कड्यांतून ओवलेली दोरी ओढून खालचे तोंड आवळायचे. अख्खा थवा आत. साधन म्हणून ते वाईट नाही. परंतु तशी शेकडो जाळी एकाच पट्ट्यात फिरू लागली, तर विणीसाठी उरणार काय? डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्र शासनाने 5 फेब्रुवारी 2016 रोजी आदेश काढला. पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळात करावी आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत खाली आणावी, असे ठरले. 10 नोव्हेंबर 2017 रोजी केंद्राने एलईडी दिव्यांच्या प्रखर उजेडाने मासे गोळा करून पकडण्यावर बंदी घातली. 2021 मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एलईडी मासेमारीसाठी 5 ते 20 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली आणि कारवाईचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याकडे आले. 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरले. 135 मिलिमीटरहून लहान पापलेट आणि 370 मिलिमीटरहून लहान सुरमई पकडू नये, असा तो नियम.

कागदावर काहीच उणे नाही. उणे आहे ते पाण्यावर. कायदा मोडणारी नौका वेगवान, कायदा राबवणारी गस्तीनौका मोजकी. रात्री समुद्रात उजेडाच्या रांगा दिसतात, हे किनाऱ्यावरची पोरेही सांगतात. परंतु अधिकारी पोहोचेपर्यंत दिवे विझलेले असतात. ज्याच्याजवळ दंड भरण्याची ऐपत आहे, त्याला दंड हा धंद्याचा खर्च वाटतो; ज्याच्याजवळ नाही, तो नियम पाळून रिकाम्या हाताने परततो. प्रामाणिकपणाची किंमत एकट्या प्रामाणिकानेच मोजायची, ही स्थिती कोणत्याही समाजात फार काळ टिकत नाही. 2015 मध्ये शेजारच्या सिंधुदुर्गात आचऱ्याच्या किनाऱ्यावर हा संघर्ष हाणामारीपर्यंत गेला, तो काही आकाशातून पडला नव्हता.

दुसरी बाजू

पर्ससीनधारकांचे म्हणणेही नीट ऐकून घेतले पाहिजे. त्यांनी कर्ज काढून नौका बांधल्या. प्रत्येक नौकेवर पंचवीस-तीस खलाशांचा संसार चालतो. चार महिन्यांच्या हंगामात वादळाने दिवस गेले, तर हप्ते फेडायचे कसे? परराज्यांच्या नौका मासळी ओढून नेत असताना बंधन आम्हालाच का? आणि बारा सागरी मैलांपलीकडे राज्याचा कायदा लागू होतो कसा? हे प्रश्न खोटे नाहीत. तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये बारा मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस पर्ससीनला अंतरिम परवानगी दिली, ती अटींसह. म्हणजे सरसकट मुभा नाही आणि सरसकट बंदीही नाही, असा मध्यममार्ग न्यायालयानेही शोधला. केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम जारी केले. यांत्रिक नौकांना तेथे मासेमारीसाठी प्रवेशपत्र आवश्यक ठरले, पारंपरिक नौकांना त्यातून सूट मिळाली आणि सहकारी संस्थांना प्राधान्य देण्यात आले. खोल समुद्राची ही वाट पर्ससीनधारकांनी धरली आणि किनाऱ्यालगतचे पाणी लहानांसाठी सोडले, तर निम्मे भांडण तेथेच मिटते.

परंतु एक गोष्ट त्यांनीही विसरू नये. केरळात 2012 साली सुमारे चार लाख टन तारली उतरली होती. 2021 साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवलेला आकडा होता अवघा 3,297 टन. याला समुद्राच्या तापमानातील बदलही कारण आहेत. सारा दोष जाळ्याचा नव्हे. तथापि जी मासळी निसर्गाच्या लहरीने एवढी घटू शकते, तिच्यावर माणसानेही तुटून पडावे काय? मासळीच संपली, तर कर्जाचा हप्ता कोणत्या परवान्यातून फिटणार?

आंदोलकांनाही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. मागणी न्याय्य असली, तरी वाट अडवणे हा न्याय्य मार्ग नव्हे. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोट हा कोकणातील सामान्य माणसाचा रस्ता आहे. ती अडली, तर अडकतो तो रुग्ण, अडकतो परीक्षेला निघालेला विद्यार्थी, आणि डोक्यावर टोपली घेतलेली, त्याच मच्छीमाराच्या घरची मासळी विक्रेती. ज्याने लूट केली, तो मात्र आपल्या घरी निर्धास्त असतो. कॅलेच्या नाकेबंदीने बातम्या मिळाल्या. समुद्रात एक मासाही वाढला नाही.

शासनाचे कर्तव्य याहून मोठे आहे. जानेवारी 2025 पासून ड्रोनद्वारे टेहळणी सुरू झाली, हे स्वागतार्ह. परंतु आकाशातून टिपलेल्या नौकेवर जमिनीवर कारवाई झाली की नाही, हे बंदरातल्या फलकावर दर महिन्याला जाहीर व्हावे. गस्तीत स्थानिक मच्छीमार संस्थांचे प्रतिनिधी असावेत. पर्ससीन सोडू इच्छिणाऱ्याला पर्यायी जाळ्यासाठी कर्जाची पुनर्रचना करून मिळावी. परराज्याच्या नौकेला जो नियम, तोच मिरकरवाड्याच्या नौकेला. आणि पुढाऱ्याच्या नातलगाच्या नौकेलाही तोच.

येथे आणखी एक भान आवश्यक आहे. या किनाऱ्यावर खारवी, गाबीत, भंडारी आहेत, तसे दालदी मुसलमानही आहेत, आणि दोन्ही प्रकारची जाळी दोन्हीकडे आहेत. या वादाला जातिधर्माचा रंग देणारा कोणीही असो, तो मच्छीमाराचा हितचिंतक नव्हे. शिवाय 1993 साली रायगडच्या किनाऱ्यावर उतरलेली स्फोटके आणि 2008 साली ‘कुबेर’ नौकेतून आलेले मारेकरी यांनी एक धडा दिला आहे. सागरी सीमेवरचा पहिला पहारेकरी हा रोज पहाटे होडी लोटणारा लहान मच्छीमार असतो. तो धंदा सोडून मुंबईच्या चाळीत गेला, तर किनारा ओस पडेल आणि ओस पडलेल्या किनाऱ्यावर कोण उतरेल, हे सांगावयास नको.

आपल्या पूर्वजांनी मासेमारी बंदीचा शासननिर्णय काढला नव्हता. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून त्या पाण्यात लोटायच्या नाहीत, एवढा दंडक पुरेसा होता. विणीच्या दिवसांत समुद्राला विश्रांती देणारा तो नियम कोणत्याही गस्तीनौकेशिवाय पाळला जाई. कारण तो पाळणाऱ्याला शेजारीही तो पाळील याची खात्री होती. आज 1 जून ते 31 जुलै ही बंदी कायद्याने आहे. हरवली आहे ती खात्री. ती परत मिळवून देणे हे शासनाचे काम, आणि मिळाल्यावर टिकवणे हे समाजाचे. हे दोन्ही घडले, तर मत्स्यव्यवसाय कार्यालयासमोरचा मंडप उठवण्यासाठी पोलीस बोलवावे लागणार नाहीत. मच्छीमार स्वतःच तो उठवून समुद्रावर जाईल.