हक्काचे नव्वद दिवस

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत माझ्या परिचयातला एक तरुण महिनाभर रोज डबा घेऊन बसत होता. धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो कंत्राटदारामार्फत कामाला होता. कंत्राट संपले आणि नोकरी गेली. पण घरी सांगण्याचे धैर्य होईना. मग दिवसभर कामाची चौकशी करायची, उरलेला वेळ कुंडलिकेच्या काठी काढायचा आणि संध्याकाळी घरी परतायचे. अखेर बायकोच्याच लक्षात आले. धुवायला टाकलेल्या कपड्यांना कारखान्याचा वास येईनासा झाला होता.

तो माझ्याकडे आला तो कर्जाची चौकशी करायला. मी बँकेतून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षे लोटली, पण गावाच्या लेखी मी अजून कर्जखात्यातच बसलेला असतो. सवयीने मी पगाराची पावती मागितली. पगार अठरा हजार आणि कपातीच्या रकान्यात 'ईएसआय' म्हणून एकशे पस्तीस रुपये.

"हे कशाचे, ठाऊक आहे का?"

"दवाखान्याचे, काका."

निम्मे उत्तर बरोबर होते. राज्य कामगार विमा योजनेत पगाराच्या पाऊण टक्का रक्कम कामगाराची कापली जाते आणि सव्वातीन टक्के मालक भरतो. म्हणजे या मुलाच्या नावावर दरमहा सातशे वीस रुपये जमा होत होते. त्यातून दवाखाना मिळतो, आजारपणाचा भत्ता मिळतो आणि नोकरी गेली तर काही दिवस घर चालावे एवढी रक्कमही मिळू शकते. ही शेवटची गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

या विम्याची आखणी एका मराठी अर्थतज्ज्ञाची. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे रोहेकरांचे घरचेच माणूस. मात्र बेकारीचा विचार त्या योजनेत नव्हता. ब्रिटनने तो १९११ मध्येच काही उद्योगांपुरता केला होता. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातले हजारो कामगार कोकणातल्या आपापल्या गावी परतले, तेव्हा त्यांच्यासाठी असा भत्ता कुठेच नव्हता. आपल्याकडे त्याला २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. पण ती कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा कायमचे अपंगत्व आले, तरच लागू होणारी. मग १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. सुरुवातीला तिच्यात रोजच्या सरासरी मजुरीच्या पाव हिस्सा मिळे. करोनाच्या काळात, मार्च २०२० पासून, तो निम्मा झाला. मुदत जास्तीत जास्त नव्वद दिवस.

हिशेब सोपा आहे. अठरा हजार पगार म्हणजे रोजचे सहाशे. त्याचे निम्मे तीनशे आणि नव्वद दिवसांचे सत्तावीस हजार. श्रीमंत करणारी रक्कम नव्हे. पण सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचवणारी नक्कीच आहे.

अटी आहेत. विम्याखालची नोकरी किमान दोन वर्षांची हवी. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे सहामाही कालखंड असतात. नोकरी जाण्यापूर्वीच्या लगतच्या कालखंडात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालखंडातही तेवढीच. गैरवर्तनासाठी काढलेल्याला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला किंवा वयोमानाने निवृत्त झालेल्याला लाभ नाही. नोकरी गेल्यापासून तीस दिवसांनी अर्ज थेट महामंडळाच्या शाखा कार्यालयात करता येतो. जुन्या मालकाच्या सहीसाठी त्याच्या दारात ताटकळावे लागत नाही. योजना मुदतवाढीवर चालत आलेली आहे, तेव्हा अर्जापूर्वी ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

आमच्या मुलाचे घोडे अडले ते निराळ्याच ठिकाणी. कंत्राटदार बदलला तेव्हा नव्याने त्याला दुसरा विमा क्रमांक देऊन टाकला होता. माणूस तोच, यंत्र तेच, पण कागदावर दोन कामगार आणि दोघांचीही वर्षे अपुरी! वास्तविक विमा क्रमांक माणसाचा असतो, मालकाचा नव्हे. नोकरी बदलली तरी तोच पुढे चालायला हवा. दोन्ही क्रमांक जोडून घेण्यात काही आठवडे आणि बऱ्याच खेपा गेल्या. अखेर रक्कम खात्यात जमा झाली. मुलांची फी भरली, किराण्याची उधारी फिटली.

त्या दिवशी त्याचे वडील मला म्हणाले, "भाऊ, माझ्या नावावर असं काही असेल का हो?" ते पेणच्या गणपती कारखान्यात आयुष्यभर मूर्तींचे डोळे रेखाटत आले आहेत. मी नाही म्हणून मान हलवली. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कार्यशाळांत हजारो हात राबतात. पण ज्यांना पगाराची पावतीच नाही त्यांच्यासाठी हा दरवाजा नाही. प्लास्टरच्या मूर्तींवरील निर्बंधांमुळे अलीकडच्या वर्षांत याच हातांवर टांगती तलवार होती.

आणि हे त्या महाराष्ट्रात, ज्याने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला. मागणी करूनही पंधरा दिवसांत काम दिले नाही, तर सरकारने बेकारभत्ता द्यावा, असे तो कायदा म्हणत होता. भत्ता रोजचा एक रुपया का असेना, पण काम नसणे हा माणसाचा दोष नव्हे, हे तत्त्व त्या रुपयात मान्य झाले होते.

ते तत्त्व आपण घराघरांत मात्र मान्य केलेले नाही. म्हणून तर डबा घेऊन गाडीत बसावे लागते. तेव्हा आजच्या रविवारी एवढेच करा. घरातल्या कमावत्या माणसाची पगाराची पावती टेबलावर मांडा आणि तो विमा क्रमांक घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. आणि नोकरी गेलीच, तर पहिल्या दिवशी घरी सांगा. कार्यालयाची तीस दिवसांची अट आहे, घरच्यांची नसते.