आधी बघू द्या, मग निवडायला लावा

“दहावी तोंडावर आली आणि तुम्ही पोराला तीन दिवस लाइनमनच्या मागे हिंडायला लावणार? यालाच शाळा म्हणायची का?” पालकसभेत हा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. त्याच्या पाठोपाठ ‘हे परदेशी खूळ आहे’, ‘ही बालमजुरीच झाली’, ‘पुन्हा बलुतेदारीच आणायची आहे का’ आणि ‘आमच्या खेड्यात बघण्यासारखं आहे तरी काय’ हेही येतं. सूचना तशी साधी आहे. नववी-दहावीच्या मुलामुलींनी दोन-तीन दिवस एखाद्या काम करणाऱ्या माणसाबरोबर सावलीसारखं राहावं, त्याचं काम सुरू होण्यापासून संपेपर्यंत बघावं, प्रश्न विचारावेत आणि वर्गात परत यावं. इंग्रजी शाळांत याला जॉब शॅडोइंग म्हणतात. नाव नवं असलं तरी रीत नवी नाही, आणि हे सिद्ध करायला पारनेर तालुक्याच्या बाहेर जायची गरज नाही.

याच तालुक्यातलं राळेगणसिद्धी घडलं कसं? १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले तेव्हा गावात वर्षाकाठी चार-पाचशे मिलिमीटर पाऊस पडायचा, तोही वाहून जायचा, आणि गावठी दारूच्या भट्ट्या पेटलेल्या असायच्या. पाणी कसं अडवायचं हे अण्णांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावच्या माळावर पाणलोटाचं काम उभं केलं होतं. अण्णा ते काम जाऊन बघून आले आणि मग राळेगणात बांध, चर, नालाबंडिंग सुरू झालं. म्हणजे ज्या गावाचं नाव आपण आदर्श म्हणून घेतो, त्याचा पहिला धडा दुसऱ्याचं काम बघून घेतलेला आहे.

पुढे हेच गाव इतरांसाठी बघण्याचं ठिकाण झालं. १९९२ साली राज्याने आदर्श गाव योजना आणली ती राळेगणचा नमुना समोर ठेवूनच. तेव्हापासून ग्रामसेवक, सरपंच, कृषी अधिकारी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, परदेशी विद्यार्थी असे किती लोक इथे येऊन गेले याची गणती नाही. मोठ्या माणसांनी बघितलं की तो ‘अभ्यास दौरा’ होतो आणि त्याचा प्रवासभत्ताही निघतो. पंधरा वर्षांच्या मुलाने बघायचं म्हटलं की मात्र तो वेळेचा अपव्यय. हा न्याय मला समजत नाही.

शाळांची मुलंही राळेगणला येतात की, असं कुणी म्हणेल. येतात, सहलीला. बस थांबते, यादवबाबांच्या मंदिरात नमस्कार होतो, बंधाऱ्यासमोर फोटो होतो, गाईडचं भाषण अर्धं ऐकलं जातं आणि शिक्षक शिट्टी वाजवतात, कारण त्याच दिवशी निघोजचे रांजणखळगे आणि रांजणगावचा गणपती उरकायचा असतो. सहलीत मुलांना झालेलं काम दिसतं. काम होताना दिसत नाही. राळेगणचा पाझर तलाव सुरुवातीला गळका होता. पाणी साठायचं नाही. तो श्रमदानाने दुरुस्त केला, तेव्हा कुठे खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं. आजच्या मुलाला भरलेला तलाव दिसतो; तो का गळत होता, ते कुणी आणि कसं शोधलं, हे दिसत नाही. माझ्या मते शिकण्याजोगं तेवढंच होतं.

आता बलुतेदारीचा आक्षेप. सगळ्या आक्षेपांत वजनदार हाच आहे, म्हणून त्याला घाईने उडवून लावणं मला योग्य वाटत नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी अशी योजना आणली की प्राथमिक शाळेच्या मुलांनी अर्धा वेळ वर्गात बसावं आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. द्रविड चळवळीने तिला कुलधर्माचं शिक्षण म्हणून झोडपलं, आणि रास्तच झोडपलं. १९५४ साली राजाजी मुख्यमंत्रिपदावरून गेले, कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली. खुद्द राळेगणच्या स्वयंपूर्ण गावाच्या कल्पनेवरही याच अंगाने टीका झाली आहे. मुकुल शर्मा यांनी त्या गावाच्या पर्यावरणकार्याचा अभ्यास करताना जातीचा प्रश्न नेमका उभा केला. ‘गावात प्रत्येकाने आपापलं काम करावं’ या गोड वाक्यात कुणाचं काम कुणी ठरवलं, हे लपलेलं असतं. ज्यांच्या आजोबांच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढणं आलं, त्यांनी ‘मुलांना गावातली कामं दाखवू’ या शब्दांनी दचकावं यात नवल नाही.

पण राजाजींच्या योजनेत दोष होता तो बघण्यात नव्हता, ‘बापाचं’ या शब्दात होता. तो शब्द उलटा करा. नियमच असा ठेवा की कुणीही मूल स्वतःच्या घरच्या, भावकीच्या किंवा जातीच्या धंद्याकडे जाणार नाही. कुणाबरोबर जायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा. चर्मकाराची मुलगी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाईल, पाटलाचा मुलगा चपला शिवणाऱ्याशेजारी बसेल, मेंढपाळाचं पोर तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्याचा फेरफार कसा होतो ते बघेल. पाटलाच्या मुलाला त्या तीन दिवसांत चांभारकाम येणार नाही. पण त्या कामाला लागणारं डोकं आणि मिळणारे पैसे यांतली तफावत तरी दिसेल. आणि आज, शॅडोइंग नसताना, काय चाललं आहे? शेतकऱ्याच्या मुलाला शेती माहीत, शिक्षकाच्या मुलीला शिक्षण खातं माहीत, डॉक्टरच्या मुलाला डॉक्टरकी माहीत. घरात जे आहे तेवढंच दिसतं. बापाचा धंदा पुढे चालवणारी सर्वांत पक्की व्यवस्था हीच आहे, आणि तिच्याविरुद्ध कुणी मोर्चा काढत नाही.

शिक्षणात हाताच्या कामाला जागा हवी हे आपल्याकडच्या सुधारकांनीही मांडलेलं आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागितलेल्या प्राथमिक शिक्षणात हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ उभं केलं. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला; तिथली मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारी पद्धत पुढे अनेक माध्यमिक शाळांत गेली. आठवड्यातून एक दिवस मुलं वायरिंग, वेल्डिंग, माती परीक्षण असं खरोखरीचं काम करतात. पाबळच्या पद्धतीत मूल स्वतः काम करतं. शॅडोइंगमध्ये ते दुसऱ्याचं काम बघतं. दोन्हींची गरज वेगळी आहे. पाना हातात धरून वायरमनचं काम कळेल, पण तलाठ्याचं किंवा डॉक्टरचं काम पोराच्या हातात देता येत नाही. ते शेजारी बसूनच बघावं लागतं.

बालमजुरीच्या आक्षेपाला उत्तर सोपं आहे. १९८६च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी केली आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांपासून दूर ठेवलं. शॅडोइंगमध्ये मूल काम करतच नाही. एखाद्या गॅरेजवाल्याने त्याच्या हातात झाडू दिला तर शाळेने त्या गॅरेजचं नाव यादीतून काढावं. पोरगं खांबावर चढणार नाही, खाली उभं राहील. विषय संपला.

‘हे ढ मुलांसाठी ठीक आहे’ असं म्हणणारे मात्र मला जास्त चिंतेचे वाटतात, कारण ते स्वतःला हुशार मुलांचे हितचिंतक समजतात. राळेगणच्या संत निळोबाराय विद्यालयाने एक काळ नापास झालेल्या, दुसरीकडे दार बंद झालेल्या मुलांना मुद्दाम प्रवेश दिला आणि ती मुलं उभी केली. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्यातून एक चुकीचा समज पसरला, की कामाशी ओळख ही मागे पडलेल्यांची मलमपट्टी आहे. खरी गरज वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला आहे. त्याचा बाप कर्ज काढून त्याला लातूरला नाहीतर थेट कोट्याला नीटच्या तयारीला पाठवतो, आणि त्या मुलाने प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण दिवस कधी काढलेला नसतो. डॉक्टर म्हणजे स्टेथोस्कोप आणि पांढरी गाडी, एवढंच त्याला ठाऊक. ओपीडीची रांग, लसीकरणाच्या दिवशीचा गोंधळ, रजिस्टरं, रात्री येणारी सर्पदंशाची केस आणि नातेवाइकांचा आरडाओरडा हे त्याने बघितलं आणि तरी तो ‘मला हेच करायचंय’ म्हणाला, तर त्या बापाने खुशाल कर्ज काढावं.

स्पर्धा परीक्षांची गोष्ट याहून वाईट आहे. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या भागातल्या अभ्यासिका नगर जिल्ह्याच्या पोरापोरींनी भरलेल्या असतात. राज्यसेवेला खुल्या गटासाठीसुद्धा वयोमर्यादा ३८ वर्षांची आहे, त्यामुळे ‘अजून एक अटेम्प्ट’ला अंत राहत नाही. यांतल्या किती जणांनी तहसील कार्यालयात एक दिवस बसून बघितलं असेल? तहसीलदार म्हणजे लाल दिव्याच्या आठवणीतला साहेब. प्रत्यक्षात तो जमिनीच्या वादांत, दाखल्यांत, पंचनाम्यांत, निवडणुकीच्या कामांत आणि वरून येणाऱ्या फोनमध्ये बुडालेला माणूस असतो. हे काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते ज्याला आवडेल त्याला फार आवडेल. पण तिशी गाठेपर्यंत ज्या कामासाठी खोलीभाडं आणि मेसचे पैसे भरायचे, ते काम पंधराव्या वर्षी एकदा बघून ठेवायला काय हरकत होती? २०१६पासून काही वर्षं सरकारने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. कल कळला म्हणे. ज्या पोराने शेती, शाळा, पोलीस आणि लष्कर यापलीकडे एकही काम जवळून पाहिलेलं नाही, त्याचा कल कशाकडे असणार? पारनेरच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी भरतीची पोरं बघा. ती फौजेकडे धावतात, कारण घराघरात त्यांनी सुटीवर आलेला फौजी बघितला आहे.

‘खेड्यात बघण्यासारखं काय’ या प्रश्नाला गावातलं दूध संकलन केंद्र हेच उत्तर पुरेसं आहे. सकाळी सहाला किटल्यांची रांग लागते. केंद्रचालक दूध मापात ओततो, पळीने नमुना घेतो, यंत्राखाली धरतो. आकडे उमटतात: फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले घन पदार्थ. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली आकडा गेला की दर कापला जातो. एखाद्या म्हातारीच्या दुधाची फॅट आज घसरली. ती म्हणते, यंत्र खोटं आहे. केंद्रचालक पुन्हा नमुना लावतो, आकडा तोच येतो. मग तो तिला विचारतो, गाय कधी व्यायली, पेंड बदलली का, हिरवा चारा वाढवला का. पाच मिनिटांत त्याने रसायनशास्त्र, पशुआहार, हिशेब आणि माणूस सांभाळण्याची कला वापरलेली असते आणि मागे रांग खोळंबलेली असते. काट्याशेजारी उभं राहून हे बघणाऱ्या मुलीला दशांश अपूर्णांक पैशात कसा उतरतो ते पुन्हा शिकवावं लागणार नाही. ठिबक जोडणारा, कांद्याच्या लिलावातला अडत्या, आशा सेविका, सुपा एमआयडीसीतला यंत्रचालक, बँकेचा रोखपाल असे पंधरा-वीस किलोमीटरच्या आत इतके लोक आहेत की एका वर्गाला पुरून उरतील.

सक्ती केली की असा उपक्रम नावापुरता उरतो, हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. इंग्लंडमध्ये २००४पासून १४ ते १६ वयाच्या सर्व मुलांना कामाशी निगडित शिक्षण सक्तीचं केलं होतं. २०१२ साली ती सक्ती काढून टाकली. सगळ्यांना कुठे ना कुठे बसवायचं म्हटलं की कुठेही बसवलं जातं, आणि पोरं चहा आणून देत आठवडा काढतात. आपल्याकडे तर कागदावर भेट दाखवून फोटो अपलोड करण्याची कला शाळांना फार लवकर साधेल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची सोय आहे. त्यात सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांबरोबर राहण्याची कल्पना आहे. माझी भीती ही की ते दहा दिवस चित्रकला स्पर्धा आणि रांगोळीत संपतील. उलट जपानच्या ह्योगो प्रांतात १९९८ पासून आठवीच्या वयाची मुलं सलग पाच दिवस शाळेबाहेर कामाच्या ठिकाणी जातात आणि तो उपक्रम तिथे रुजला. तिथे मुलांना पाठवण्याआधी नीट तयारी करून घेतात आणि आठवडा सलग असतो. अर्ध्या तासाच्या भेटीने काही होत नाही, हे मीही म्हणेन. कामातला कंटाळा दुसऱ्या दिवशी दिसतो आणि तो दिसायला हवा.

मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न विचारणाऱ्या पालकांना मी टाळणार नाही. दोन-दोन मुली एकत्र पाठवा, जागा शिक्षिकेने आधी बघून यावी, वेळ उजेडातली ठेवा. पण या कारणासाठी मुलींना वगळून फक्त मुलांना पाठवायचं ठरवलं तर उपक्रम न केलेलाच बरा.

पारनेर तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. दहावीला हात लावू नका. नववीचा वर्ग घ्या, दिवाळीची सुटी संपल्यावरचे सलग तीन कामाचे दिवस घ्या. ग्रामसभेत विषय मांडून गावातल्या आणि सुप्यातल्या तीस-चाळीस लोकांची संमती घ्या, चिठ्ठ्या टाका, घरचा धंदा निघाला तर चिठ्ठी परत टाका. मुलांकडून निबंध लिहून घेऊ नका. प्रत्येकाने वर्गापुढे उभं राहून त्या माणसाचा सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा एक दिवस सांगावा, एवढंच ठेवा. आणि सुरुवात राळेगणच्या शाळेने करावी.