सण नसलेल्या महिन्यात एक बैठक घ्या

प्रति,
मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य

महोदय,


वीसेक वर्षे मी एका जिल्ह्याच्या गावी बातमीदारी करतो आहे. त्या निमित्ताने शांतता समितीच्या किती बैठकांना बसलो, याचा हिशेब नाही. गणपती, ईद, शिवजयंती, मोहरम, काहीही असो. सण आठवड्यावर आला की ठाण्याच्या आवारात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. पहिल्या रांगेत तीच मंडळी: आजी-माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, दोन मौलाना, व्यापारी संघाचे एक शेठ. साहेब अर्धा तास उशिरा येतात. डीजेचा आवाज, मिरवणुकीचा मार्ग, अफवांवर विश्वास ठेवू नका. आपल्या गावाला एकोप्याची परंपरा आहे, हे प्रत्येक वक्ता सांगतो, आणि सांगताना त्याच्या डोळ्यांसमोर मागच्या दंगलीचे वर्ष असते. मग चहा-बिस्किटे आणि एकमेकांचे हात उंचावून फोटो. तो फोटो दुसऱ्या दिवशी आम्हीच छापतो, तेव्हा दोष एकट्या तुमच्या खात्याचा नाही.

मागच्या वर्षी अशाच एका बैठकीत मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. म्हणाल्या, "मशिदीमागच्या बोळातला दिवा सहा महिने बंद आहे. दोन्हीकडची पोरं तिथं रात्री गाड्या लावून बसतात. रोज शिवीगाळ. एखाद्या दिवशी डोकी फुटतील." समोरून उत्तर आले, "ताई, तो नगरपालिकेचा विषय. आज आपण सणाबद्दल बोलतोय." बाई बसल्या. मी ते वहीत टिपले आणि बातमीत घेतले नाही. त्याची थोडी भरपाई म्हणून हे पत्र.

कारण त्या बाई जे बोलल्या, ते तुमच्याच खात्याने एकदा करून दाखवले आहे. भिवंडीत.

७ मे १९७० ची शिवजयंतीची मिरवणूक आणि तिच्यामागून पेटलेले शहर यावर न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल तुमच्या दप्तरी आहे. चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. मुंबई आणि ठाण्यासह अडीचशेवर माणसे गेली. त्यानंतर १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने, पुढारी शक्यतो बाजूला, माणसे गल्लीतली. आणि बैठक सणापुरती नाही, वर्षभर. विषय काय असत? पाणी, गटार, भाडेकरू, नळावरची भांडणे. तुमच्या भाषेत ज्याला अदखलपात्र म्हणतात, तोच त्यांचा अजेंडा.

डिसेंबर १९९२ आला तेव्हा खोपडे यांची बदली होऊन गेली होती. समित्या मात्र जागेवर होत्या. पुढच्या दोन महिन्यांत मुंबईत ९०० माणसे मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. मुंबईपासून जेमतेम तासा-दीड तासाच्या अंतरावर, दोनदा जळालेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे याच कोड्यावर पुस्तक लिहिले.

भिवंडीचे नाव निघाले की यंत्रमागाची आठवण होते आणि कोणीतरी लगेच उभ्या-आडव्या धाग्यांची उपमा काढतो. ती मी देणार नाही. भाषणांत वापरून तिची पार चिंधी झाली आहे. शिवाय ती अपुरी आहे. सूत एकाचे, साचे दुसऱ्याचे, ते चालवणारा आझमगढचा नाहीतर तेलंगणाचा, आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची बिशी आणखी कोणाची, ही गुंतवळ १९८४ मध्येही होतीच. तरी शहर जळले. पोटापाण्याची गाठ माणसांना एकमेकांशी बोलायला लावते, पण ते बोलणे भावाचे आणि उधारीचे असते. अफवा आल्यावर "तुमच्या गल्लीत खरंच काही झालंय का हो?" असे रात्री अकराला विचारायचे, तर त्या माणसाशी आधी दुसऱ्या कशावरून तरी पंचवीस वेळा बोललेले असावे लागते. १९८८ नंतर भिवंडीत ही भर पडली.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा जोड्या लावून हेच तपासले आणि २००२ मध्ये मांडले. दोन्ही समाजांची माणसे जिथे संघटना, संघ, मंडळांतून एकत्र काम करतात, तिथे ठिणगी पडली तरी वणवा होत नाही. शेजारधर्म हवाच, पण शहर मोठे झाले की एकटा शेजारधर्म पुरत नाही. मुंबईत दंगलीनंतर सतीश सहानी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली. तिने पोलीस आणि वस्तीतली पोरे यांना क्रिकेटच्या मैदानात उतरवले, तेही याच समजुतीने.

भिवंडीचे गोडवेच गातो आहे असे वाटू नये. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून तिथे भडका उडाला. गोळीबारात दोन नागरिक गेले, जमावाने दोन पोलिसांना मारले. तेव्हा भांडण दोन जमातींचे नव्हते. एका बाजूला तुमचे खाते होते. समिती म्हणजे लोकांनी एकमेकांवर ठेवायची पाळत नव्हे. पोलिसांनीही तिथे ऐकून घ्यायचे असते, आणि ते पहिले बंद पडते.

आता तर घडीभराचीही उसंत मिळत नाही. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटले, शाहू महाराजांचे कोल्हापूर. मार्च २०२५ मध्ये नागपुरात संचारबंदी लागली. इंटरनेट बंद करता येते, पण त्या आधीच्या दोन तासांत गल्लीत कोणाला फोन करायचा, ही यादी किती ठाण्यांत आहे? फोटोतल्या पुढाऱ्यांची नव्हे. ज्यांचे पोरे ऐकतात त्यांची.

ऐकणारे आहेत, हे याच वर्षांत दिसले. सप्टेंबर २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस एक दिवस पुढे नेला आणि सरकारनेही ईदची सुट्टी २९ तारखेला केली. मशिदीत गणपती बसवणाऱ्या गोटखिंडीची बातमी आम्ही दरवर्षी छापतो. तारीख बदलण्याचा हा रुक्ष निर्णय मला तिच्याहून मोलाचा वाटतो. कारण तो भक्तिभावाने नाही, व्यवहाराने झाला, आणि व्यवहार दुसऱ्या गावालाही शिकवता येतो.

तेव्हा मागणे छोटे आहे. शांतता समिती ठाण्याऐवजी बीटनिहाय करा. निम्म्या बायका घ्या. नळावर, रेशनच्या रांगेत आणि शाळेच्या फाटकापाशी दोन्हीकडच्या बायका रोज भेटतातच. रिक्षावाला, बिशीवाला, अंगणवाडीच्या ताई, मदरशातले शिक्षक, मंडळाचा ढोल वाजवणारा पोरगा, असे लोक घ्या. बीटच्या हवालदाराला दर महिन्याला बसू द्या आणि वर्षभरात त्याची बदली करू नका. व्यासपीठ नको. फोटोही नको; आम्ही नाही छापला तरी चालेल.

पहिली बैठक कोणताही सण नसलेल्या महिन्यात घ्या आणि नगरपालिकेच्या विद्युत विभागाचा माणूस सोबत बोलवा. परवा रात्री त्या बोळातून आलो. दिवा अजून बंद आहे.

आपला,
जिल्ह्याच्या गावचा एक बातमीदार