तिच्या भाषेचा रकाना

"मुलं भाषा पटकन उचलतात, काळजी करू नका." दत्तकप्रक्रियेच्या दोन वर्षांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी त्याची चीड यायला लागली. संस्थेच्या माहितीपत्रकात ते होतं, समुपदेशक बाईंच्या तोंडी होतं, पुण्याहून फोनवर आईही तेच म्हणाली. उचलतात, खरं आहे. पण उचलण्यासाठी हातातलं आधी खाली ठेवावं लागतं, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमची मुलगी कोलंबियातून आमच्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत काही आठवडे तिथेच तिच्यासोबत राहायचं होतं. त्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि ती, असे बोगोटातल्या मोन्सेराते डोंगरावर गेलो. उंची ३१५२ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. वर पांढरं चर्च, मागे खाण्याच्या टपऱ्या. १९२९ पासून चालणाऱ्या रेल्वेने आम्ही चढलो; कितीतरी कुटुंबं पायऱ्यांनी, आपल्याकडे गडावर देवीला जातात तशी येत होती.

टपरीवर तिने गरम चॉकलेटच्या कपात चीजचे तुकडे टाकले, विरघळू दिले आणि चमच्याने तार काढून खाल्ली. मुलगा "शी!" म्हणाला. ती खदखदून हसली आणि त्याच्या कपातही टाकले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सुमेर्से?" हा शब्द मी मोबाइलवर शिकलेल्या स्पॅनिशमध्ये नव्हता. बोयाकाच्या डोंगराळ भागात आणि बोगोटाच्या आसपास थोरामोठ्यांना, जिवलगांना असं म्हणतात. 'अहो'मधला आदर आणि 'अगं'मधली माया एकाच शब्दात. मला तिने पहिल्यांदा ज्या नावाने हाक मारली ते हे.

त्यानंतर कठड्याशी उभी राहून, खाली पसरलेल्या शहराकडे बोट दाखवत ती बराच वेळ बोलली. इतकं ती आधी कधीच बोलली नव्हती. मी घाईघाईने फोन पुढे धरला. वाऱ्यात भाषांतर उमटलं: "गाय, खिडकी, नाही तो मंगळवार." मी स्क्रीन वाचत असताना ती गप्प झाली. त्या दिवशी ती काय सांगत होती हे मला आजही माहीत नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, आठवत नाही.

आमची चौकशी कमी झाली नव्हती. पगार, खोल्या, रक्तदाब, पोलिसांचा दाखला, लग्न कसं चाललंय, सगळं विचारलं. पहिल्या रात्री मूल रडलं तर तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलाल, हा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाच्या वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक पार्श्वभूमीबरोबर भाषिक पार्श्वभूमीचाही उल्लेख आहे. आंतरदेशीय दत्तकासाठीच केलेल्या १९९३ च्या हेग करारात त्या यादीतले पहिले तीन शब्द आले, चौथा गळला. अमेरिकेने हेग करार मान्य केला. बालहक्क कराराला मंजुरी देणं अजून राहिलंच आहे.

गळलेल्या शब्दाची किंमत मोजलेली आहे. २००३ मध्ये क्रिस्तोफ पालिए आणि सहकाऱ्यांनी कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या आठ प्रौढांचे मेंदू तपासले. दत्तक जाताना ही माणसं तीन ते आठ वर्षांची होती, म्हणजे बोलती मुलं. कोरियन वाक्यं ऐकताना त्यांचे मेंदू कधीच कोरियन न ऐकलेल्या फ्रेंच माणसांसारखेच वागले. २०१४ मध्ये माँट्रिअलच्या संशोधनात, तान्हेपणी दत्तक आलेल्या चिनी मुलींच्या मेंदूत चिनी सुरांची खूण सापडली. सापडो. खुणेशी गप्पा मारता येत नाहीत.

"अमेरिकेत स्पॅनिश सगळीकडे आहे," असं नवरा म्हणायचा. आहे, पण आमच्या घरात नव्हती. आणि आम्ही कोण? दर रविवारी मुलाला मराठी शाळेत नेणारे, तो इंग्रजीत उत्तर देतो म्हणून गळा काढणारे. मराठी मरते म्हणून व्याकूळ होणाऱ्या माझ्या मित्रमंडळींपैकी एकानेही या मुलीच्या भाषेबद्दल विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "मराठी कधी शिकवणार? नाव काय ठेवलंत?" नाव तिला आहे, नऊ वर्षांपासून आहे. भारतात राहणाऱ्यांनी हे परदेशातलं खूळ समजू नये. ओडिशातलं सात वर्षांचं मूल पुण्यात दत्तक येतं तेव्हा किती घरांत ओडियाचा एक तरी शब्द आधी शिकलेला असतो?

मोठं मूल घ्यायचं ठरवलंत तर त्याची भाषा तुम्ही आधी शिका. निदान वर्षभर. न जमल्यास फाइल पुढे सरकू नये, असा नियम हवा. जाचक वाटेल, रक्तदाबाचा दाखलाही जाचकच होता.

आम्ही उशिरा सुरुवात केली. आता आठवड्यातून दोनदा बोयाकाकडच्याच एक बाई ऑनलाइन शिकवतात. आम्ही तिघं वही घेऊन बसतो. ती दारात उभी राहून आमचे उच्चार ऐकते. गेल्या गुरुवारी तिने माझं एक वाक्य दुरुस्त केलं. इंग्रजीत.