गळक्या न्हाणीघराचा जाब कोणाला?

घरांच्या प्रश्नाची महाराष्ट्रातील चर्चा किल्ली हाती पडेपर्यंतच चालते. किती घरांची तूट आहे, चौरस फुटाचा भाव कोठे जाऊन भिडला, सरकारने कोणाला किती चटई क्षेत्र बहाल केले, यावर परिषदा होतात, ठराव होतात. किल्ली मिळाली की कुटुंबाचा प्रश्न सुटला असे मानून सारे पांगतात. त्या घरात पुढील दोन-तीन वर्षांत काय घडते हे पाहावयाचे असेल, तर ठाणे, डोंबिवली, विरार, पनवेल किंवा पुण्याच्या उपनगरांतील नव्या गृहनिर्माण संस्थांची तक्रारवही उघडून पाहावी. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचे पाणी खालच्या घरात उतरते, ही नोंद तीत हटकून सापडते.

न्हाणीघर दिसावयास देखणे असते. छतापर्यंत चकचकीत लाद्या, भिंतीवर शॉवर, खाली पाय घसरू नये अशी खरखरीत फरशी. त्याच भिंतीच्या पाठीमागे, जेथे पलंग किंवा कपाट असते, तेथे मात्र रंगाचे पोपडे सुटलेले आणि गिलाव्यातून लोणा फुटलेला. इमारत चार वर्षांची. कर्जफेडीची मुदत वीस वर्षांची.

चळवळीतील काही मंडळी या तक्रारीकडे पाहून नाक मुरडतात. ज्यांना छप्परच नाही त्यांना सोडून फ्लॅटवाल्यांच्या ओलीची काळजी कशाला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल बाणेदार आहे, पण वस्तुस्थितीला धरून नाही. हे फ्लॅटवाले कोण आहेत? पतपेढीतील कारकून, रुग्णालयातील परिचारिका, एसटीचा वाहक, गिरणी कामगाराचा मुलगा. त्यांनी आजवरची बचत तर ओतलीच, शिवाय पुढील वीस वर्षांचा पगार आगाऊ गहाण टाकला. आणि ज्यांना काल छप्पर नव्हते, ज्यांना झोपडीच्या बदली पुनर्वसनाच्या इमारतीत खोली मिळाली, त्यांच्या न्हाणीघरांची अवस्था याहून वाईट आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लादी पाणी अडवते, असे बहुतेकांना वाटते. लादी स्वतः पाणी फारसे शोषत नाही हे खरे. परंतु दोन लाद्यांमधील सांधा सिमेंटचा असतो, आणि सिमेंट सच्छिद्र असते. चार-पाच माणसे रोज आंघोळ करतात तेथे सांध्यांतून थोडे पाणी आत झिरपणारच. बांधकामशास्त्र हे गृहीत धरते. म्हणून पाणी अडवण्याचे काम लादीवर नव्हे, तर लादीखालच्या थरावर सोपवलेले असते. जुने मिस्त्री विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून कोबा घालीत, जाळीकडे उतार देत, जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात गोलसर वाटा काढीत, आणि मग न्हाणीघरात पाणी भरून ते एक-दोन दिवस तसेच ठेवीत. खालच्या छताला ओल आली नाही तरच लादी बसे. हल्ली कोब्याच्या जागी किंवा त्याच्या जोडीला रासायनिक लेप आले. तत्त्व बदललेले नाही. भिंतीतील खाचा आधी बुजवाव्यात, लेपाचा एक थर वाळल्यावरच दुसरा द्यावा, शॉवरच्या भिंतीवर तो पुरेसा उंच चढवावा, पाइप जेथे स्लॅबमधून आरपार जातो तेथे विशेष काळजी घ्यावी आणि अखेरीस पाणी भरून पाहावे. यात गूढ काही नाही. हे काम नीट करणारे कारागीर महाराष्ट्रातील प्रत्येक शहरात आहेत.

तरीही गळती होते, कारण येथे उणीव कौशल्याची नसून वेळेची आहे, आणि वेळ म्हणजे बिल्डरच्या हिशेबी पैसा. बिल्डर काम ठेकेदाराला देतो. ठेकेदार लेपाचे काम एकाला, नळकाम दुसऱ्याला, लादीकाम तिसऱ्याला देतो. लादी बसवणाऱ्याने काम 'अंगावर' घेतलेले असते, मजुरी चौरस फुटावर. थर वाळण्यासाठी थांबलेला दिवस म्हणजे त्याचा बुडालेला रोज. लेप पुरा झाल्यावर नळवाला येतो आणि राहून गेलेल्या एखाद्या पाइपसाठी छिन्नी चालवतो. थर फुटतो. तो पुन्हा सांधण्याचे पैसे कोणत्याच ठेक्यात धरलेले नसतात. दुसऱ्या दिवशी लादी बसते आणि पुरावा झाकला जातो. पाणी भरून पाहण्याचे दोन दिवस वेळापत्रकातून कापणे हा नफा वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय, कारण गिऱ्हाइकाला तो कधीच दिसत नाही. अशा गळतीचे खापर 'बाहेरून आलेल्या अडाणी मजुरां'वर फोडण्याची एक राष्ट्रीय म्हणविणारी फॅशन आहे. ज्याला थांबण्याचे पैसे मिळत नाहीत त्याने थांबावे, अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांनी स्वतः एक दिवस बिनपगारी थांबून पाहावे.

यापुढचा भाग अधिक खेदजनक आहे. पाणी खाली उतरले की खालचा शेजारी वर जातो. प्रथम विनंती, मग बाचाबाची, मग संस्थेकडे अर्ज. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि सामाईक बाह्य पाइपांची गळती संस्थेने निस्तरावयाची, तर शौचालय व मोरीतून होणारी गळती संबंधित सभासदाने. नियम जुन्या इमारतीपुरता रास्त आहे. परंतु चार वर्षांच्या इमारतीत तो लावला की ज्याने आपल्या न्हाणीघरातील एक लादीही हलवलेली नाही असा वरचा रहिवासी आरोपी ठरतो. कित्येक नव्या इमारतींत वरच्या घराचे सांडपाण्याचे पाइप खालच्या घराच्या छताखाली लटकावलेले असतात, म्हणजे एकाच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्याचे घर उघडावे लागते. दोन कुटुंबांचे बोलणे तुटते, गणपतीचा प्रसाद बंद होतो, आणि ज्याने दोघांनाही फसवले तो तिसऱ्या भूखंडावर जाहिरातीचा फलक उभारीत असतो. भांडवलदारी व्यवस्था घरांचा प्रश्न सोडवीत नाही, तो फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवते, असे एंगल्सने १८७२-७३ साली लिहिलेल्या लेखांत दाखवून दिले होते. येथे तर तो एका मजल्याने खाली हलवला जातो.

बिल्डरची उत्तरे ठरलेली आहेत. पावसाळ्यात तक्रार केली तर तो म्हणतो, हे पावसाचे पाणी आहे, ऊन पडू द्या. आंघोळ मात्र बारा महिने होते. पुन्हा तक्रार केली की एक माणूस येतो, लाद्यांच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरतो आणि सही घेऊन जातो. पाणी खालच्या थरातून जात असताना वरून सांधे भरणे म्हणजे फाटक्या अस्तरावर इस्त्री फिरवणे. तिसऱ्यांदा गेले की सांगण्यात येते, तुम्ही गिझर बसवताना भोके पाडली, आता जबाबदारी आमची नाही. भोक खरोखर कारणीभूत आहे काय, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र रहिवाशावर.

कायदा नाही असे नव्हे. राज्याच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने दोषदुरुस्तीसाठी तीन वर्षांची मुदत दिली. २०१६ चा 'रेरा' कायदा त्यापुढे गेला. त्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील वा कारागिरीतील दोष निदर्शनास आणला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. न केल्यास भरपाई. शब्द चांगले आहेत. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीचीच सक्ती नाही. भरपाईचा आदेश झालाच तर त्याची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करावयाची, म्हणजे फाइल जिल्हाधिकारी कचेरीत जाते आणि तेथे विसावते. शेतसाऱ्यासाठी गरिबाच्या दारात जाणारे तलाठी-तहसीलदार बिल्डरच्या दारात पोचण्यास इतका विलंब का लावतात, याचे उत्तर एकाही सरकारने दिलेले नाही.

'ग्राहकाने घर घेताना जागरूक राहावे' हा उपदेश करणारी मंडळीही कमी नाहीत. जागरूक राहून तो काय पाहणार? तो येतो तेव्हा लादी बसलेली असते. महापालिका भोगवटा प्रमाणपत्र देताना बांधकाम मंजूर नकाशाशी जुळते की नाही, अग्निशमनाची व सांडपाण्याची सोय झाली की नाही, हे पाहते. लादीखालचा थर तीही पाहत नाही. जी वस्तू कोणालाच दिसू नये अशी व्यवस्था आहे, ती न पाहिल्याचा दोष घेणाऱ्याला देणे हा शुद्ध कांगावा आहे.

पुनर्वसनाच्या इमारतींत तर एवढाही आधार नाही. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ च्या अखेरीस आले. घर आधी २२५ चौरस फुटांचे, मग २६९ चे, आता ३०० चे. एवढ्या जागेत एका भिंतीला ओल आली तर पलंग सरकवण्यास दुसरी भिंत उरत नाही. ही घरे विक्रीची नसल्याने तो भाग रेराच्या नोंदणीबाहेर ठेवला जातो. तक्रार केली की ऐकवले जाते, फुकट मिळाले आहे, कुरकुर कसली? फुकट काहीही मिळालेले नाही. झोपडीधारकांच्या पायाखालच्या जमिनीवर बिल्डरला विक्रीचे मनोरे उभारता आले. त्या जमिनीची ही किंमत आहे, आणि तीही गळकी. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड व गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तेथील क्षयरोगाचा आणि कोंदट घरांचा संबंध २०१८ मध्ये डॉक्टरांच्या पाहणीने पुढे आणला. जेथे ऊन नाही तेथे एकदा मुरलेली ओल वाळत नाही.

सरकारने बांधले म्हणजे गळणार नाही, असाही भ्रम नको. वाशीत सिडकोने बांधलेल्या जेएन प्रकारच्या इमारतींत छताचे तुकडे कोसळू लागले आणि पुनर्विकासासाठी रहिवाशांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. ठेकेदारी तीच असेल, तर फलकावर नाव कोणाचे याने लादीखाली फरक पडत नाही.

म्हणून मागणी थेट लादीखालच्या थराची केली पाहिजे. प्रत्येक न्हाणीघरात लादी बसण्यापूर्वी किमान अठ्ठेचाळीस तास पाणी भरून चाचणी व्हावी, ती घर घेणाऱ्यांच्या किंवा पुनर्वसित रहिवाशांच्या प्रतिनिधींसमोर व्हावी, तिची नोंद सदनिकेच्या क्रमांकानिशी ठेवावी, आणि ती नोंद नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. पाच वर्षांच्या आत गळती झाल्यास दोष आपला नाही हे बिल्डरने सिद्ध करावे. कलम १४ चे संरक्षण पुनर्वसनाच्या घरांनाही मिळावे. गोरेगावात मृणाल गोरे यांनी घरात पाणी यावे म्हणून बायकांचे मोर्चे नेले. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना लोकांनी दिले. तेथे नळ आणि रांग हा संघटनेचा पाया झाला. भिंतीतून झिरपणारे पाणी तो पाया का होऊ नये?

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांना हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. गळती कोठून आहे हे ओळखण्यास महागडे यंत्र लागत नाही. वरच्या घरात पाण्याचा वापर बंद असतानाही थेंब थांबत नसतील, तर पाणीपुरवठ्याचा पाइप तपासावा. आंघोळीनंतरच ओल वाढत असेल, तर जाळीचे तोंड घट्ट बंद करून दोन इंच पाणी भरावे, पातळीची रेघ ओढावी आणि चोवीस तासांनी खालचे छत पाहावे. खाली ओल उतरली तर फरशीचा थर फुटलेला आहे; उतरली नाही तर जाळीखालचा सांधा आणि शॉवरची भिंत वेगवेगळी तपासावी. या पाहणीचा कागद करावा, त्यावर वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कुटुंबांच्या सह्या घ्याव्यात, आणि साऱ्या इमारतीतील अशा कागदांची एकच नोटीस बिल्डरला पाठवावी, पोच घेऊन. पांढरे सिमेंट भरावयास आलेल्या माणसाच्या कागदावर 'काम पूर्ण' अशी सही कोणी देऊ नये. पाच वर्षांची मुदत गळती दिसल्याच्या दिवसापासून नव्हे, तर ताबा मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. ज्या इमारतींचा ताबा २०२२ साली मिळाला, त्यांची मुदत २०२७ साली संपत आहे.