ॲव्हरेजच्या पलीकडचा हिशेब

नवी मोटार दाराशी उभी राहिली, तिला हार घातला गेला आणि पेढे वाटून झाले, की शेजारी, नातेवाईक आणि कचेरीतील सहकारी यांच्याकडून पहिला प्रश्न हमखास येतो तो असा : ‘ॲव्हरेज किती देते?’ मालक एक आकडा सांगतो आणि त्या आकड्यावर ऐकणारा गाडीविषयीचे आपले मत बनवितो. शिक्षक, कारकून, बँकेतील वा विमा कार्यालयातील नोकरदार अशांच्या कुटुंबात छोट्या मोटारीची खरेदी ही बहुधा घराच्या खालोखाल सर्वांत मोठी खरेदी असते. एवढ्या मोठ्या व्यवहाराचा निर्णय ज्या एका प्रश्नाभोवती फिरतो, त्या प्रश्नाचीच एकदा तपासणी व्हावयास हवी. हा प्रश्न चुकीचा नाही. तथापि तो अपुरा आहे, आणि त्याच्या आडोशाला दोन अधिक महत्त्वाचे प्रश्न विचारावयाचे राहून जातात. मोटार बाळगण्याचा खरा खर्च किती, हा त्यांतील पहिला. आणि अपघाताचा प्रसंग आलाच तर ही मोटार आतील माणसांना वाचवील काय, हा दुसरा.

टंचाईच्या काळाचा वारसा

या प्रश्नाच्या मागे इतिहास आहे. १९७०-८० च्या सुमारास ग्राहकाला निवडीस वावच नव्हता. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी आणि पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली फियाट, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बेसिडर आणि मद्रासची स्टँडर्ड एवढ्यातच देशाची मोटारसृष्टी सामावलेली होती. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मोजके असे आणि नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यात १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महाग केले. जी गाडी मिळेल ती घ्यावयाची आणि तिच्यात तेल किती जाते याची विवंचना करावयाची, एवढेच मालकाच्या हाती उरत असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. ७९६ घनसेंटिमीटरच्या इंजिनाच्या आणि पन्नास हजार रुपयांच्या आसपास किमतीच्या त्या हलक्या मोटारीने मध्यमवर्गाला मोटारीचे दार उघडून दिले. आणि कमी पेट्रोलवर अधिक धावणे हाच गाडीचा सर्वश्रेष्ठ गुण, ही समजूतही दृढ केली.

१९९८ मध्ये सँट्रो आणि पुण्यात तयार झालेली इंडिका आली आणि निवड म्हणजे काय हे ग्राहकाला प्रथमच कळू लागले. २००६ च्या अर्थसंकल्पाने छोट्या मोटारीची व्याख्याच ठरवून दिली. लांबी चार मीटरपेक्षा कमी, पेट्रोल इंजिन १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत किंवा डिझेल इंजिन १,५०० पर्यंत, अशा गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. तेव्हापासून भारतातील छोटी मोटार ही अभियंत्याच्या कल्पनेइतकीच करप्रणालीचीही निर्मिती ठरली आहे. उंच बांध्याची, दणकट दिसणारी गाडीदेखील चार मीटरच्या आत कापूनच बेतली जाते, ती याच कारणाने. आज या एका मर्यादेत अनेक कंपन्यांच्या गाड्या आणि प्रत्येकीचे चार-पाच प्रकार उपलब्ध आहेत. टंचाई संपली, टंचाईच्या काळातला प्रश्न मात्र कायम राहिला.

किलोमीटरमागे पंचवीस रुपये

त्या प्रश्नाचे वजन किती, हे एका नमुन्याच्या हिशेबाने समजू शकेल. समजा, एका शिक्षक दांपत्याने सहा लाख रुपये शोरूम किमतीची पेट्रोल मोटार घ्यावयाचे ठरविले. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल मोटारीवर ११ टक्के एकरकमी वाहनकर पडतो. म्हणजे ६६ हजार रुपये तेथेच गेले. विमा आणि नोंदणी धरून गाडी रस्त्यावर येईतो खर्च सात लाखांच्या घरात जातो. त्यांपैकी पाच लाख रुपये ९ टक्के व्याजाने सात वर्षांच्या मुदतीवर घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ८,०५० रुपये बसतो आणि एकूण व्याज १ लाख ७६ हजार रुपये होते. सात वर्षांनी गाडीचे तीन लाख आले असे मानले, तर चार लाखांचा घसारा झाला. म्हणजे दर वर्षी ५७ हजार. व्याजाचे दर वर्षी सरासरी २५ हजार. विमा आणि देखभाल यांचे मिळून आणखी २५ हजार धरावेत. आता पेट्रोल. महिन्याला ५०० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला ४०० लिटर पेट्रोल घेते. लिटरला १०५ रुपये दर धरल्यास त्याचे ४२ हजार होतात.

या सर्वांची बेरीज वर्षाला १ लाख ४९ हजार रुपये, म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ पंचवीस रुपये होते. त्यात इंधनाचे केवळ सात रुपये आहेत. पंपावर पैसे खिशातून जाताना दिसतात, म्हणून ते टोचतात. घसारा मात्र उभ्या गाडीतून, कोणताही आवाज न करता वजा होत असतो.

आता समजा, याच दांपत्याने लिटरला १५ ऐवजी १८ किलोमीटर देणारी गाडी शोधून काढली. वर्षाला त्यांचे सात हजार, म्हणजे सात वर्षांत ४९ हजार रुपये वाचतील. हेच कर्ज सात वर्षांऐवजी पाच वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये होतो आणि व्याज १ लाख २३ हजारांवर येते. वाचतात ५३ हजार. ॲव्हरेजसाठी चार शोरूम पालथे घालणारा ग्राहक कर्जाच्या कागदावर मात्र ‘हप्ता कमी बसतो ना?’ एवढेच विचारून सही करतो. ज्यांचे रोजचे जाणे-येणे लांबचे आहे आणि ज्यांची गाडी वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धावते, त्यांच्या बाबतीत इंधनाचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो. त्यांनी ॲव्हरेजचा विचार अवश्य करावा, सीएनजीचाही करावा. परंतु रविवारी देवदर्शनाला आणि दिवाळीत गावी जाण्यापुरती जी गाडी निघते, तिच्या मालकाचे नफानुकसान अन्यत्र ठरत असते.

शिवाय जाहिरातीतील आकडा हा प्रयोगशाळेतील असतो. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत ही चाचणी गाडी रुळांवर चालवून, ठरीव वेगक्रमाने आणि आजवर वातानुकूलन यंत्र बंद ठेवून होत आली आहे. मे महिन्यातील नागपूर किंवा सायंकाळचा सिंहगड रस्ता त्या प्रयोगशाळेत नसतो. त्यात पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते आणि इथेनॉलमधील ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. उसाच्या शेतकऱ्याला आणि साखर कारखान्याला या धोरणाने आधार दिला हे खरे. पण गाडीमालकाचा लिटर थोडा आखूड झाला, हेही खरे.

मालकाचे म्हणणे किती मानावे?

खरेदीपूर्वी लोक ओळखीच्या मालकांचा अनुभव विचारतात, ही प्रथा शहाणपणाची आहे. विकणाऱ्याला वस्तूविषयी जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, आणि या असमान माहितीमुळे बाजार कसा बिघडतो याचे विवेचन जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने केले होते. २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. मालकांचा अनुभव ही दरी काही अंशी भरून काढतो. परंतु कोणत्या मालकाला विचारावे, यालाही महत्त्व आहे. महिन्यापूर्वी गाडी घेतलेला मनुष्य आपल्या निवडीची वकिली करीत असतो. त्याच्या बोलण्यात गाडीपेक्षा समाधान अधिक असते. पाच वर्षे गाडी वापरलेल्या माणसाची साक्ष निराळी असते. घाटात चार माणसे आणि सामान घेऊन गाडी दमते काय, खड्ड्यांच्या रस्त्यावर मागे बसलेल्या आईची पाठ धरते काय, तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळतात काय, सेवा केंद्राचे बिल सांगितलेल्या रकमेच्या किती पुढे जाते आणि विकावयास काढली तेव्हा किंमत किती आली, हे तोच सांगू शकतो.

अनुभवाला दुसरीही एक मर्यादा आहे आणि ती अधिक गंभीर आहे. रोज घडणाऱ्या गोष्टींचे ज्ञान अनुभव देतो. आयुष्यात एखाद्या वेळीच घडणाऱ्या गोष्टीविषयी तो मुका असतो. दहा वर्षे विनाअपघात गाडी चालविलेला मालक ‘गाडी एकदम मजबूत आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो. त्याचा आधार दार लागताना होणारा आवाज एवढाच असतो. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या मोटारींचे, एअरबॅग नसलेले प्राथमिक प्रकार ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिले. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाचांपैकी एकीलाही एक तारासुद्धा मिळाला नाही. या गाड्यांचे मालक असमाधानी नव्हते. त्या रस्तोरस्ती दिसत होत्या. मालकांच्या अनुभवाला जे दिसणे शक्यच नव्हते, ते चाचणीने दाखविले.

त्यानंतर चित्र पालटले, हे मान्य केले पाहिजे. २०१८ च्या अखेरीस टाटांच्या नेक्सॉनने याच चाचणीत पाच तारे मिळविले आणि चार मीटरच्या आतली भारतीय मोटारही सुरक्षित होऊ शकते हे सिद्ध झाले. २०१९ मध्ये चालकासाठी आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने शेजारच्या प्रवाशासाठी एअरबॅग सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची तारांकन पद्धत सुरू झाली.

किमतीचा आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. सुरक्षिततेचा प्रत्येक नियम गाडीची किंमत वाढवितो, किंमत वाढली की दुचाकीवरचे कुटुंब दुचाकीवरच राहते, आणि पावसात दोन मुलांना घेऊन जाणारी दुचाकी कोणत्याही मोटारीपेक्षा अधिक धोक्याची असते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता. म्हणून मोटार स्वस्त असणे हीदेखील एक प्रकारची सुरक्षितताच आहे, असे हा पक्ष म्हणतो.

परंतु केवळ स्वस्ताईने प्रश्न सुटत नाही, हे नॅनोने दाखवून दिले. एक लाखाची मोटार म्हणून २००९ मध्ये बाजारात आलेली ही गाडी दशकभरात बंद पडली. कारणे अनेक होती. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का कोणालाच आपल्या दारात नको होता, हे त्यांतील एक. मध्यमवर्ग मोटारीत प्रवासाइतकीच प्रतिष्ठाही विकत घेतो. म्हणूनच छपराला काचेची खिडकी असलेल्या प्रकारासाठी पाऊण लाख जादा देणारा ग्राहक घसरती गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचे नावही विचारीत नाही.

दुसरे असे, की किमतीचा काही भार आता शासनाने हलका केला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा अधिभारही गेला. पूर्ण सवलत ग्राहकापर्यंत पोचली असे धरल्यास पूर्वीच्या सहा लाखांच्या पेट्रोल मोटारीमागे सुमारे ५१ हजार रुपये वाचतात. हे पैसे कोठे जातात, यावर पुष्कळ अवलंबून आहे. त्यातून मोठा पडदा आणि चकचकीत चाके घेता येतील. कर्ज तेवढ्याने कमी करता येईल. किंवा अधिक तारे मिळविलेली गाडी निवडता येईल. शेवटचे दोन मार्ग शहाणपणाचे आहेत. मात्र सहा एअरबॅगच्या गाडीत मागच्या माणसांनी पट्टा लावला नाही आणि लहान मूल पुढच्या आसनावर मांडीवर बसविले, तर तो खर्च वाया जातो, हेही लक्षात ठेवावे.

शासनाचेही एक काम उरते. शीतकपाट विकताना त्यावर ऊर्जेच्या बचतीचे तारे लावणे उत्पादकाला बंधनकारक आहे. मोटारीची तारांकन चाचणी मात्र ऐच्छिक आहे. विजेच्या बिलाची माहिती सक्तीने आणि जिवाच्या जोखमीची मर्जीने, हा क्रम उलटा आहे. प्रत्येक मोटारीची चाचणी व्हावी आणि शोरूममध्ये किमतीच्या फलकाशेजारी तिचे तारे ठळकपणे लिहिलेले असावेत. तसे झाले तर कारखानदार ताऱ्यांसाठी स्पर्धा करतील. कारण ग्राहक जे विचारतो तेच बाजार पुरवितो. आजवर ग्राहकाने ॲव्हरेज विचारले आणि बाजाराने ते भरपूर पुरविले. पेढे खाऊन झाल्यावर ‘तारे किती मिळालेत?’ असा प्रश्न ज्या दिवशी शेजारी विचारू लागतील, त्या दिवशी छोट्या मोटारीचा व्यवहार खऱ्या अर्थाने प्रौढ झाला असे म्हणता येईल.