धानाचा भाव आणि पाण्याचा हिशेब

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारे पाणी आणि दुर्ग-बालोद पट्ट्यातील धानशेतीला लागणारे पाणी बऱ्याच अंशी एकाच तांदुला जलाशयातून येते, ही वस्तुस्थिती छत्तीसगडच्या धानधोरणावरील चर्चेत क्वचितच विचारात घेतली जाते. शेतीसाठी ब्रिटिश अमदानीत बांधलेले आणि 1921 च्या सुमारास पूर्ण झालेले हे धरण, 1959 मध्ये कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटल्यानंतर उद्योगाच्याही वाट्याला आले. पाऊस कमी पडला की कात्री प्रथम उन्हाळी धानाच्या पाण्याला लागते, आणि तरीही सरकारचे सर्वाधिक उत्तेजन धानालाच मिळते.

राज्य स्थापन झाले त्या 2000-01 च्या हंगामात छत्तीसगडची सरकारी धान खरेदी पाच लाख टनांच्या आत होती. 2024-25 मध्ये ती 149 लाख टनांच्या घरात गेली. क्विंटलला 3,100 रुपये दर आणि एकरी 21 क्विंटलपर्यंत खरेदीची हमी यांमुळे लहान शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, कर्जाचा ताण हलका झाला आणि खेड्यातील बाजारपेठ हलती राहिली, हे नाकारता येणार नाही. मात्र एक किलो धानाला पाऊस आणि सिंचन मिळून सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते, असा आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यातच गरजेपेक्षा अधिक खरेदी झाल्याने उरलेले धान लिलावात काढण्याची पाळी राज्यावर 2025 मध्ये आली.

धान सोडून कडधान्ये, तेलबिया किंवा मका घेणाऱ्यांना एकरी दहा-अकरा हजार रुपये देण्याचा निर्णय सरकारने त्याच वर्षी घेतला. दिशा योग्य आहे, पण गणित अपुरे आहे. केंद्राचा 2025-26 चा 2,369 रुपये हमीभाव आणि राज्याचा 3,100 रुपये दर यांतील 731 रुपयांची तफावत 21 क्विंटलांवर धरली, तर धानउत्पादकाला एकरी 15,351 रुपयांचे अतिरिक्त साहाय्य मिळते; शिवाय माल उचलला जाण्याची खात्री असते, जी कडधान्यांना त्या प्रमाणात नाही. कापणीपूर्वी उभ्या धानातच ओलीवर लाखोळीसारखे कडधान्य फेकून पेरण्याची उतेरा पद्धत या भागात पूर्वापार आहे. पाण्याचा नवा थेंबही न मागणाऱ्या अशा पिकाला धोरणात मानाचे स्थान नसावे, हे अजब आहे.

अन्नसुरक्षा म्हणजे प्रत्येक कुटुंबाला बारमाही पुरेसे व सकस अन्न परवडणाऱ्या दरात मिळणे. राज्याच्या 2012 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदळाबरोबर चणा-डाळीचाही विचार केला होता; मग ते पिकवणाऱ्याला तोच विश्वास का मिळू नये? शिवाय धानाच्या खरेदीला आंतरराष्ट्रीय बंधनही आहे: भारताने 2018-19 मध्ये तांदळावरील सरकारी आधार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्याचे जागतिक व्यापार संघटनेला कळवून बाली येथे 2013 मध्ये ठरलेल्या शांतता कलमाचा, म्हणजे अशा मर्यादाभंगाबद्दल तक्रार होण्यापासून मिळालेल्या तात्पुरत्या संरक्षणाचा, आश्रय घेतला. ते संरक्षण कायम राहील, असे गृहीत धरणे शहाणपणाचे नाही.

पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न दुर्गला नवा नाही. 1998 मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशच्या औद्योगिक महामंडळाने बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथ नदीचा सुमारे 23 किलोमीटरचा पट्टा 22 वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीच्या ताब्यात दिला, तेव्हा काठावरच्या शेतकऱ्यांना आणि मच्छीमारांना आपली नदी परकी झाल्याचा अनुभव आला. छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीनेही पुढे या करारावर ताशेरे ओढले. नदीवरील हक्क गुप्त करारांत ठरवले, तर अखेरीस किंमत शेतकरीच मोजतो.

पूर्व विदर्भातील गोंदिया-भंडाऱ्यातही धानावर बोनस मिळतो, तेव्हा हा विषय महाराष्ट्रालाही लागू होतो. दोन्ही राज्यांनी रब्बीपूर्वी प्रत्येक धरणाचे पाणी शेती, उद्योग आणि पिण्यासाठी कसे वाटले, हे जाहीर करावे आणि कडधान्यांना धानाइतकीच रक्कम व खरेदीची हमी द्यावी. एवढे केल्याखेरीज धानाला दिलेला भाव हे धोरण अर्धेच राहील.